पुरलेल्या गाठीच्या मागावर

आमच्या घराला भिंती कधीच नव्हत्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं. मेंढरं पुढं, आम्ही मागं, ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला गावाकडं परत. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तो लेंड्यांच्या खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचा. ज्वारी दिली नाही तर त्या दिवशी दूध पिऊन निजायचं. माझी धाकटी बहीण अशाच एका तळावर तापानं गेली. दवाखाना सात कोसांवर होता आणि मेंढरं सोडून जायला माणूस नव्हतं.

अशा उघड्या संसारात बाईची कुठलीही गोष्ट लपत नसेल, असं लोकांना वाटतं. मायनं छातीतली गाठ दीड वर्ष लपवली. चोळीच्या आत फडकं घट्ट बांधायची आणि चालायची. माझ्या बापाला, आबांना, कळलं तेव्हा त्यांनी मेंढराला करतात तेच केलं. लोखंड तापवून डाग दिला. गाठ तशीच राहिली, वर डागाची जखम वाहायला लागली.

मी आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. मामाकडं पाचोडला राहून शाळा केली, मग औरंगाबादला वसतिगृहात राहून बी.एस्सी. त्या वेळी वाळूजला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एका औषधाच्या कारखान्यात मला तपासणी विभागात नोकरी लागली. गोळ्यांचा नमुना माझ्या सहीशिवाय पुढं जात नसे, हे मी आजही छाती काढून सांगते. आणि दुसऱ्यांच्या गोळ्या तपासणाऱ्या मला स्वतःच्या मायची गाठ दीड वर्ष दिसली नाही, हेही सांगायलाच पाहिजे. माझा हा सगळा प्रवास जेमतेम दोन दिवसांचा. अंतरही फार नाही. पण त्या वाटेनं कुणी गेलं नसेल म्हणून लिहिते.

औरंगाबाद

जखम वाहायला लागली तेव्हा कुठं मायला शहरातल्या दवाखान्यात आणलं. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रक्तपेढीत बाटलीसाठी रांगेत होते. तेव्हा रीत अशी की काढलेला भाग नातेवाइकांनीच लॅबला पोचवायचा. आयाबाईनं आबांच्या हातात पिशवी दिली. तिच्यात एक मोठी बरणी, एक बोटभर बाटली आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. "समोरच्या लॅबला द्या," एवढंच ती म्हणाली. मी परत आले तर आबा नव्हते. मेंढरांकडं गेले असतील म्हणून मी शोधलं नाही. दोन दिवस छताखाली काढले हेच त्यांना खूप झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेले, तर तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कसली बरणी? आमच्याकडं काहीच आलं नाही."

मी धावत मायकडं गेले. ती पट्ट्यांत गुंडाळलेली, डोळे मिटून पडली होती.

"माय, आबा पिशवी घेऊन कुठं गेले?"

"मीच म्हनलं त्यायला," माय डोळे न उघडता बोलली. "मपलं अंग उकिरड्यावर टाकू नगा म्हनलं. दिलं आसंल मातीला."

आमच्यात बाळंतिणीची वार असो की तुटलेलं बोट, माणसाच्या अंगातून निघालेलं मीठ-हळद लावून पुरतात. आबांनी धर्माला धरूनच केलं होतं.

डॉक्टरबाईंना येऊन सांगितलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"कॅन्सर आहे हे सुईच्या तपासणीतच कळलंय," त्या म्हणाल्या. "कोणता आहे ते कळायचंय. छातीचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. काही गाठी बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसतात. त्यांच्या पेशींच्या गरात, म्हणजे केंद्रकात, त्या हार्मोनला धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. तुकडा मुंबईला पाठवला की तिथं खास रंग देऊन बघतात. गर तपकिरी झाला तर रोज एक गोळी द्यायची, ती लागू पडते. गर कोरा राहिला तर तीच गोळी म्हणजे खडू. मग सलाइनमधून कडक औषध. तुझ्या आईचं रक्त बघता ते तिला झेपेल असं मला वाटत नाही."

"आणि तपासायला तुकडाच नसला तर?"

"तर अंदाजपंचे. आणि अंदाज चुकला तर पुन्हा विचारायला ती नसेल."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मोठा तुकडा बरणीतल्या पाण्यातून बाहेर काढला असेल तर तो तासातासाला सडतोय. पण बोटभर बाटलीत काखेतली गाठ आहे. रोग तिथं पोचला होता, म्हणून त्या गाठीवरही हीच तपासणी होते. ती बाटली बंद असली तर वाचलो. दोनपैकी एक तरी आण. जा."

पाचोडच्या पुढं

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागणार म्हणून शहर तापलेलं होतं. बसस्थानकावर गाड्या उभ्या होत्या आणि चालक-वाहक शेंगा खात बसले होते. बीडच्या रस्त्याला रशीदभाईची जीप सापडली. पाचोडपर्यंत येतो म्हणाला, "पन आगे का नक्को पूछो, बाई. रस्ते पे टायर जलता दिखा तो वहींच से वापस."

जीपमध्ये आम्ही चौदा जण. चिकलठाण्याच्या कारखान्यातले दोघं गावाकडं निघालेले. एकानं मला विचारलं, "शिकलेल्या दिसता. आडनाव काय?"

नुसतं नाव विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या दिवसांत आडनाव कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही कळायचं.

"मेंढरंवाल्याची आहे," मी म्हटलं. "आणि घाईत आहे."

"मग नामांतरावर तुमचं काय म्हननं?"

"माय दवाखान्यात आहे. ती जगली की म्हणणं सांगते."

मागं बसलेली म्हातारी खिदळली. "बस आता खाली तोंड घालून!" असं त्या गड्याला म्हणाली. तो खरंच आडूळपर्यंत बोलला नाही.

खरं सांगायचं तर माझं काही म्हणणंच नव्हतं. वसतिगृहात मी दोन्ही बाजूंच्या मुलींबरोबर जेवले आणि मोर्चे निघाले की अभ्यासाला बसले. गप्प राहणं म्हणजे शहाणपण, असं मला वाटायचं.

पाचोडला बाजार भरलाच नव्हता. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी ओट्यांवर कुत्री पसरली होती. रशीदभाईनं तिथंच सोडलं. पुढं मी चालत निघाले. महिनाभरापूर्वी आमचा तळ जिथं होता ते पडीक रान मला माहीत होतं. मायचं अंग पुरायचं तर आबा तिथंच पुरतील, कारण त्या हंगामात माय सगळ्यांत जास्त दिवस तिथं राहिली होती. दोन्हीकडं ज्वारी हुरड्यावर आलेली. चपलेचा अंगठा तुटला तो दोरीनं बांधला. दोरी तुटली तेव्हा चपला हातात घेतल्या.

रानाच्या कडेला सात-आठ घरांची वस्ती होती. पहिल्याच घराचं छप्पर नव्या पत्र्याचं आणि भिंती जुन्या, धुरानं काळ्या पडलेल्या. दारात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचं नाव गयाबाई. आबांचं वर्णन सांगितलं तशी ती उठून उभी राहिली.

"घोंगडीवाला? काल दुपारी आलता. त्या बोरीखाली बसून खड्डा खांदू राहिला. रडत व्हता. मला वाटलं लेकरू गेलं त्याचं, म्हनून मी गेले नाय तिकडं. पुरू द्यावं मानसाला."

"लेकरू नाही, मावशी. माझ्या मायची छाती आहे."

तिनं माझ्याकडं एकटक बघितलं, आत गेली आणि कुदळ घेऊन बाहेर आली. तांब्याभर पाणीही आणलं होतं, पण तांब्या हातातच धरून ठेवला.

"आमच्या हातचं चालंल का? तुमच्यातले लोक घेत नाय."

खोटं कशाला लिहू? मला क्षणभर लागला. आमच्या तळावर वस्तीतलं पाणी घेत नसत आणि मी ते कधी विचारलं नव्हतं. तो क्षण तिनं बघितला. मी बघितलं की तिनं बघितला. मग मी पाणी प्याले.

बोरीखाली माती अजून ओलसर होती. गयाबाईनं दोन हात खोदलं, पुढं मी बोटांनी उकरलं. आधी रिकामी बरणी लागली. मग मायच्या जुन्या चोळीचं गाठोडं. सोडलं तर मीठ, हळद आणि तिच्यात करडा पडलेला गोळा. वास सुटला होता. गोळ्याच्या एका अंगाला कातडी होती, आणि तिच्यावर आबांनी दिलेला डाग जसाच्या तसा, नाण्याएवढा गोल.

मी चोळी परत त्याच्यावर ओढली.

प्रयोगशाळेत काम करणारीला सडलेलं कळतं. नंतर डॉक्टरबाईंनाही विचारलं, आणला असता तरी उपयोग नव्हता असंच त्या म्हणाल्या. पण तेव्हा त्या खड्ड्यापाशी बसून मी माती चाळत होते, कारण बोटभर बाटली कुठंच नव्हती.

"पोरी, उठ," गयाबाई म्हणाली. "ह्ये आता मातीचं झालं. परत दे तिला."

आम्ही दोघींनी ते पुन्हा पुरलं. आबांनी हळद घातली होती तेवढी मी परत गोळा करून वर घातली.

त्या दिवशी पुढं जाणं शक्य नव्हतं. गयाबाईनं भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी केली. आमच्याकडं ती ताकात शिजवतात, तिनं लसूण-मिरचीत केली होती आणि तिखट इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. रडायला ते कारण बरं होतं. भिंती कशानं काळ्या झाल्या ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"विद्यापीठाच्या नावापायी जाळलं व्हतं, मागं. मी तर विद्यापीठ बघितलं बी नाय. तू बघितलं का?"

"तिथंच शिकले."

"कसं हाय?"

"दगडी आहे. मागं डोंगर आहे."

"मंग एवढं कामून जाळलं?"

मी आमच्या दोघींच्या ताटल्या धुवायला घेतल्या.

गोदेच्या अंगाला

सकाळी वस्तीतल्या एकानं सांगितलं की कळप शहागडच्या बाजूला गेलाय. ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या मोळ्यांवर बसून मी निम्मी वाट कापली, निम्मी पायी. नदी जवळ आली की माती काळीभोर होते आणि हवेत गारवा येतो. कापूस वेचून झालेल्या एका रानात आमची मेंढरं दिसली. आबा एका लंगड्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन बसले होते.

त्यांच्या हातात ती बोटभर बाटली होती. बूच उघडं.

"आबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की मेंढी सुटून पळाली.

"कामून बोंबलती? माय बरी हाय ना?"

मी बाटली हिसकावली. निम्मं पाणी संपलेलं. तळाशी आवळ्यापेक्षा लहान, पांढरट गोळी, अर्धी पाण्यात, अर्धी उघडी.

"खुराचं औषध हाय त्ये," आबा म्हणाले. "वासावरनं वळखलं म्या. सरकारी डॉक्टर खूर सडले की हेच तर देतो. दोन मेंढरांला घातलं, तिसरीला घालू राहिलतो. आत खडा हाय औषधाचा, तो इरघळंना."

त्यांचं चुकलं नव्हतं. खुरं सडली की मेंढरांना जे पाणी घालतात तेच फॉर्मालीन, आणि दवाखान्यातल्या बरणीतही तेच. माझ्या बापाला पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही, पण नाकानं त्यांनी रसायन बरोबर ओळखलं होतं.

"आबा, मोठ्या बरणीतलं पाणी काय केलं? ओतून दिलं?"

"मी काय येडा हाय व्हय? एवढं औषध कोन ओततं?" त्यांनी घोड्याच्या खोगिराकडं हात केला. तेलाचा जुना डबा लटकत होता, झाकण घट्ट. "कळपाला पुरंल महिनाभर."

मी डबा उघडला. वास नाकात घुसला आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. पदराची चौघडी करून ते पाणी गाळलं आणि बाटली काठोकाठ भरली. गोळी पूर्ण बुडाली. बूच लावलं.

आबा हे सगळं बघत उभे होते. आता त्यांचा आवाज बदलला.

"त्यो खडा नाय का?"

"नाही. काखेतली गाठ आहे. मायचीच."

त्यांनी झटक्यात हात पुढं केला. "दे हिकडं. त्ये बी मातीला द्यायचं. आर्धं अंग तिथं आन आर्धं बाटलीत, आसं ठिवलं तर ती मधीच लटकंल. ना जगंल ना मरंल."

"आबा, ही मुंबईला न्यायची. तपासायची."

"रोग कळला ना? मंग काय तपासायचं? तुमा शिकलेल्यांला मेलेलं उकरायची सवयच लागली." ते थांबले. "त्ये उकरलं का तू?"

"उकरलं. परत पुरलं. हळद घालून."

ते खाली बसले. डोक्यावरचं पटकूर काढून तोंडावर धरलं. बाटली घेऊन मी तशीच निघून गेले असते तर त्यांनी अडवलं नसतं. पण त्यांना न पटवता नेली असती तर तपासणी काहीही निघो, मायनं गोळी घेतली नसती. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

मी लंगड्या मेंढीला धरून आणलं.

"आबा, ही कशानं लंगडती?"

"खूर सडलं."

"आणि ती तिकडची?"

"तिला खुरकूत असंल. तोंडाला फोड हायेत."

"तिला हे औषध घातलं तर?"

"काय उपेग? आग होईल नुसती. लंगडनं सारखं आसतं, दुखनं निराळं."

एवढं बोलून ते मेंढीच्या पायाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"मायच्या गाठीचं तसंच आहे," मी म्हटलं. "गाठ सारखी दिसते, दुखणं निराळं असतं. ही बघितल्याशिवाय कोणतं औषध घालायचं ते कळत नाही. मोठी गाठ गेली, आबा. एवढीच उरली."

त्यांनी घोंगडीच्या टोकाला हात पुसले. पिशवीतून लोकरीचा पुंजका काढला, बाटलीभोवती गुंडाळला आणि वर फडकं बांधलं, नवजात कोकराला थंडीत बांधतात तसं.

"उनात धरू नको," एवढंच म्हणाले. "आन काम झालं की आन माघारी. मातीचं हाय त्ये."

परत

दुधाच्या टेम्पोतून मी संध्याकाळी शहरात शिरले. संक्रांत होती. निर्णय झाला होता, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं होतं. एका वस्तीत निळा गुलाल उधळत होते, पुढच्या चौकात दुकानांची शटरं खाली आणि पोलीसच पोलीस. टेम्पोवाला म्हणाला, "आता बघा काय व्हतंय." मला गयाबाईच्या काळ्या भिंती आठवल्या. गाडी थांबवून त्या गुलालात चार पावलं चालावं असं वाटलं. पण बाटली हातात होती, म्हणून नाही थांबले. याची मला अजून खंत आहे.

लॅबच्या बाकावर एक माणूस बसला होता. गंगापूरचा ऊसवाला, त्याच्या बायकोचंही ऑपरेशन मायच्याच वेळेला झालेलं. शोभा तिचं नाव, वय तीसच्या आसपास. त्यानं चिठ्ठी वाचली होती, रस्ता ओलांडून पंधरा मिनिटांत बरणी दिली होती आणि तेव्हापासून सारखा येऊन विचारत होता. डॉक्टरबाईंनी लोकर सोडली, बाटली उजेडात धरली आणि पाण्याचा वास घेतला.

"हे पाणी कुठून भरलं?"

मी सांगितलं. त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "तुझ्या वडिलांना नोकरी द्यायला पाहिजे," म्हणाल्या.

दोन्ही गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून एकाच डब्यातून मुंबईला पाठवले. सव्वा महिन्यानं दोन्ही कागद एकाच टपालानं आले. शोभाच्या गाठीत एकाही पेशीनं रंग धरला नव्हता. तिला सलाइनचं औषध सुरू झालं. चौथ्या खेपेनंतर ती आलीच नाही. पुढच्या दिवाळीआधी गेली. तिच्या नवऱ्यानं सगळं बरोबर केलं होतं. मी त्याला एकदा रस्त्यात बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं गेले, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

मायच्या गाठीतल्या बहुतेक पेशींचे गर तपकिरी निघाले. उरलेला तुकडा लॅबनं परत दिला तो आबांनी आणि मी बोरीखाली पुरला. मायनं पाच वर्षं रोज एक गोळी घेतली. सातव्या वर्षी रोग मणक्यात उतरला आणि ती गेली. त्याआधी ती पाच हंगाम कळपामागं चालली, आणि माझ्या दोन्ही पोरींना तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलं.